गच्चीची तपासणी खालूनही हवी

२८ मे २०२१ च्या रात्री उल्हासनगरच्या नेहरू चौकातील पाच मजली इमारतीत वरचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब सोबत घेत तळमजल्यापर्यंत गेला. सात जण दगावले. इमारतीचा सांगाडा उभाच होता. म्हणून ‘बिल्डिंग सरळ उभी आहे ना?’ हा पुरावा नव्हे. झिरपणारे पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते, गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटते. छताचा पोपडा सुटून दिसणारा तांबूस डाग रंगाखाली झाकायचा नसतो. गळती थांबवायला आपल्याकडे कोब्यावर कोबा चढतो, नाहीतर पत्र्याची शेड. शेड पाऊस अडवते, गंज नाही. कोबा तर स्लॅबवरचे वजन वाढवतो.

‘ऑडिट केले आणि इमारत धोकादायक ठरली, तर जायचे कुठे?’ ही भीती पोकळ नाही, अनधिकृत बांधकामांच्या उल्हासनगरात तर मुळीच नाही. पण नोटीस टाळल्याने गंज थांबत नाही. तो लवकर सापडला तर निदान दुरुस्तीचा पर्याय उरतो. नुसत्या नजरेने दिलेला दाखला घेऊ नका. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक आणि हाफ-सेल चाचण्यांचे आकडे मागा, तेही गच्चीबरोबरच प्रत्येक मजल्यावरच्या संडास-मोरीखालच्या स्लॅबचे. अंबरनाथ-बदलापूरच्या जुन्या सोसायट्यांनीही अशाच चाचण्या करून घ्याव्यात. उल्हासनगरसारख्या महापालिका हद्दीत तर महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. नव्वदीच्या सुरुवातीच्या इमारतींनी ते वय ओलांडले आहे.