सामूहिक हद्दपारी : शक्यता आणि मोल

परवानगीवाचून येऊन राहिलेल्या परकीयांना परत पाठविण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, याविषयी फारसे दुमत नाही. भारताच्या राज्यघटनेनेही देशात कोठेही राहण्याचे आणि स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य फक्त नागरिकांना दिले आहे. मात्र जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण तिने नागरिक आणि परकीय असा भेद न करता प्रत्येक व्यक्तीला दिलेले आहे. म्हणून कोणालाही देशाबाहेर काढावयाचे झाले, तरी ते कायद्याने आखून दिलेल्या मार्गानेच करावे लागते.

खरा वाद याच्या पुढच्या पायरीवर सुरू होतो. एखाद्या व्यक्तीला परत पाठविण्यासाठी जी व्यवस्था उभी केलेली असते, तीच लाखो माणसांना लागू करता येईल काय? करता आली, तर तिचा खर्च किती आणि तो कोणी सोसावयाचा? जगातील अनेक देशांत आज हे प्रश्न विचारले जात आहेत. भारतात त्यांचा विचार करण्यासाठी मानेसर आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे.

मानेसरचा अनुभव

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गुरुग्रामच्या पलीकडे मानेसर वसले आहे. हरियाणा शासनाने येथे मोठी औद्योगिक वसाहत स्थापन केली. २००७ साली मारुती सुझुकीचा मोटारनिर्मितीचा कारखाना येथे सुरू झाला आणि सुटे भाग, तयार कपडे, गोदामे अशा व्यवसायांचा पसारा भोवती वाढत गेला. डिसेंबर २०२० मध्ये मानेसरला स्वतंत्र महानगरपालिका मिळाली. कासन, अलियर, ढाणा यांसारख्या जुन्या गावांतील जमीनमालकांनी शेते विकून किंवा गमावून भाड्याच्या खोल्यांच्या रांगा बांधल्या. त्या खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल, आसाम अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेला मजूरवर्ग राहतो. शेजारच्या गुरुग्राम शहरात घरकाम, साफसफाई आणि कचरा गोळा करून त्याची वर्गवारी करणे ही कामे मोठ्या प्रमाणावर बंगाली बोलणाऱ्या कुटुंबांकडे आहेत. त्यांपैकी बरीच मालदा, मुर्शिदाबाद, नदिया किंवा आसामातील खालच्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून आलेली आहेत.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने बांगलादेश व म्यानमार येथून बेकायदा आल्याचा संशय असलेल्या व्यक्तींची पडताळणी तीस दिवसांत पुरी करण्यास राज्यांना सांगितले. त्यानुसार जुलै २०२५ मध्ये गुरुग्राम जिल्ह्यात मोहीम सुरू झाली. मानेसर, बादशहापूर आणि गुरुग्राम शहरातील काही समाजमंदिरांचे रूपांतर तात्पुरत्या स्थानबद्धता केंद्रांत करण्यात आले. तेथे सुमारे अडीचशे माणसे ठेवण्यात आली. त्यांच्या मूळ जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकडून खातरजमा झाल्यावर बहुतेकांना सोडण्यात आले. दहा व्यक्ती बांगलादेशी असल्याचे आढळले, असे पोलिसांनी सांगितले.

दहा परकीय शोधण्यासाठी अडीचशे माणसांना अडकवून ठेवावे लागले, हा या मोहिमेचा एक परिणाम होय. दुसरा परिणाम जे पकडले गेले नाहीत त्यांच्यावर झाला. भीतीपोटी शेकडो कुटुंबे खोल्यांना कुलपे लावून गावी निघून गेली. कचरा उचलणारे हात एकाएकी नाहीसे झाल्यामुळे गुरुग्रामच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचू लागले, आणि घरकामाला माणसे मिळत नाहीत अशी तक्रार सुखवस्तू वसाहतींतून ऐकू येऊ लागली. निघून गेलेल्यांत अनेक भारतीय नागरिक होते, त्यांपैकी कित्येकांजवळ कागदपत्रेही होती. आपली कागदपत्रे कोणी पाहील आणि ती मान्य होतील, एवढा विश्वास मात्र त्यांच्याजवळ उरला नव्हता.

ओळख पटविण्याची अडचण

हद्दपारी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडी, विमान किंवा सीमेवरील फाटक येते. वस्तुतः हा प्रवासाचा टप्पा सर्वांत शेवटचा आणि सर्वांत सोपा असतो. त्याआधी चार कामे करावी लागतात : संशयिताची ओळख पटविणे, त्याचे म्हणणे ऐकून निर्णय देणे, तोपर्यंत त्याला कोठेतरी ठेवणे आणि दुसऱ्या देशाकडून तो आपला असल्याची कबुली मिळविणे. यांपैकी एकही काम अडले, तर पुढचे सारे अडते.

भाषेवरून माणसाचा देश ठरविता येत नाही. बेळगाव-निपाणीकडील मराठी माणसाच्या बोलीवरून त्याचे गाव महाराष्ट्रात आहे की कर्नाटकात, हे कोणाला सांगता येईल? बंगालची स्थिती अशीच आहे. १९४७ साली एकाच भाषेच्या प्रदेशातून सीमारेषा काढली गेली. आज भारत व बांगलादेश यांची सीमा चार हजार किलोमीटरांहून अधिक लांब असून तिच्या दोन्ही बाजूंना सारख्याच बोली, सारखीच नावे आणि पुष्कळदा एकाच कुळाची घरे आहेत.

मग कागदपत्रे पाहावीत, असे कोणी म्हणेल. परंतु केवळ नागरिकत्व सिद्ध करणारे आणि प्रत्येकाजवळ असणारे असे एकही ओळखपत्र भारतात नाही. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, असे २०१६ च्या आधार कायद्यातच म्हटले आहे. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे नियमही काळानुसार बदलले आहेत. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्याला जन्मस्थान पुरेसे होते. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आई किंवा वडील भारतीय असणे आवश्यक ठरले. ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा पालक बेकायदा स्थलांतरित नसावा, ही अटही आली. म्हणजे आज वीस वर्षांच्या मुलाला आपल्याबरोबर आईवडिलांचेही पुरावे द्यावे लागतात. ज्या घरात जन्माची नोंद कधी झालीच नाही, त्या घराला हे फार जड जाते.

त्यात पुराव्याचा भार शासनावर नसून व्यक्तीवर असतो. १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्यात अशी तरतूद होती. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्यातही ती कायम आहे. या तरतुदीलाही मर्यादा आहे. हाताशी काही आधार असल्यावाचून केवळ संशयावरून कोणाला परकीय ठरविण्याची कार्यवाही सुरू करता येणार नाही, असे जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामातील एका प्रकरणात स्पष्ट केले.

घाई केली असता काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रातही आहेत. जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलिसांनी बांगलादेशी म्हणून पकडलेल्या काही जणांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेले जात असता उलुबेडिया स्थानकावर जमावाने त्यांना सोडविले. हे लोक आमच्याच राज्यातील आहेत, असे पश्चिम बंगालचे म्हणणे होते. २०२५ च्या मे-जून महिन्यांत महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले. ते भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर दोन्ही देशांच्या सीमादलांच्या बैठका घेऊन त्यांना परत आणावे लागले.

दुसऱ्या देशाची संमती

एखादी व्यक्ती भारतीय नाही एवढे ठरल्याने ती बांगलादेशी आहे असे आपोआप ठरत नाही. ते ठरविण्याचा अधिकार बांगलादेशाचा आहे. परत पाठवावयाच्या २,३६० हून अधिक व्यक्तींची राष्ट्रीयत्वपडताळणी बांगलादेशाकडे प्रलंबित असल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने मे २०२५ मध्ये सांगितले. त्यांपैकी काही प्रकरणे २०२० पासूनची होती, आणि अनेकांनी तुरुंगातील शिक्षाही भोगून संपविली होती.

हाच नियम भारतालाही लागू होतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत हरियाणाचे ३३ आणि महाराष्ट्राचे ३ जण होते. परदेशात बेकायदा राहणारे आपले नागरिक परत घेणे हे प्रत्येक देशाचे कर्तव्य आहे, असे परराष्ट्रमंत्र्यांनी दुसऱ्या दिवशी राज्यसभेत सांगितले. ही परतपाठवणी होऊ शकली ती या स्वीकारामुळे. पाकिस्तानने नोव्हेंबर २०२३ पासून काही महिन्यांत पाच लाखांहून अधिक अफगाणांना परत जाण्यास भाग पाडले, तेही अफगाणिस्तानचे दरवाजे उघडे होते म्हणूनच. त्या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न अर्थात निराळा आहे.

खर्चाचा हिशेब

या प्रश्नात पहिला आकडाच निश्चित नाही. ३१ डिसेंबर २००१ रोजी भारतात १,२०,५३,९५० बेकायदा बांगलादेशी असल्याचे केंद्र शासनाने २००४ साली संसदेत सांगितले आणि लौकरच तो आकडा विश्वसनीय नसल्याचेही सांगितले. २०१६ साली सुमारे दोन कोटी असे सांगण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मात्र, असे लोक चोरून येत असल्यामुळे अचूक आकडा देणे शक्य नाही, अशी भूमिका शासनाने घेतली. २०१७ ते २०२२ या काळात सर्व देशांचे मिळून १४,३४६ परकीय परत पाठविले गेल्याचेही त्याच वेळी सांगण्यात आले. ही वार्षिक सरासरी सुमारे २,४०० पडते. या गतीने १ कोटी २० लाख माणसे पाठवावयाची झाल्यास पाच हजार वर्षे लागतील. गती शंभर पटींनी वाढविली, तरी पन्नास वर्षे लागतील.

ओळख पटविण्याचा खर्च आसामच्या अनुभवावरून समजतो. तेथे राष्ट्रीय नागरिक नोंदवहीसाठी सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले. अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली आणि तीतून १९,०६,६५७ जण वगळले गेले. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार या कामाचा खर्च २८८.१८ कोटी रुपयांवरून १,६०२.६६ कोटींवर गेला. म्हणजे दर अर्जदारामागे सुमारे ४८५ रुपये पडले. याच दराने १४० कोटी लोकांची नोंदवही करावयाची, तर सुमारे ६८ हजार कोटी रुपये लागतील. त्यात अर्जदारांनी प्रवासावर, वकिलांवर आणि कागद मिळविण्यावर केलेला खर्च व बुडविलेली मजुरी धरलेली नाही.

यानंतर निवासाचा खर्च येतो. आसामातील गोआलपाडा जिल्ह्यात मटिया येथे तीन हजार माणसांसाठी सुमारे ४६ कोटी रुपये खर्चून केंद्र बांधले गेले. दहा लाख माणसांसाठी अशी तीनशेतेहतीस केंद्रे लागतील आणि केवळ इमारतींनाच पंधरा हजार कोटींवर रुपये लागतील. अन्न, औषधे, पहारा, न्यायालये यांचा खर्च वेगळा, आणि समोरचा देश जितका उशीर करील तितका तो वाढत जाईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये आसामातील केंद्रात अडकलेल्या ६३ जणांविषयी सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाला धारेवर धरले. ते परकीय ठरले होते, पण त्यांचे परदेशातील पत्ते ठाऊक नसल्याने त्यांना पाठविता येत नव्हते. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही एका अभ्याससंस्थेने २०२४ साली एकाच वेळी करावयाच्या सामूहिक हद्दपारीचा खर्च किमान ३१५ अब्ज डॉलर मांडला होता.

दोन्ही बाजू

हद्दपारीचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे केवळ द्वेषातून आलेले आहे, असे समजणे चुकीचे होईल. आसामात १९७९ ते १९८५ पर्यंत चाललेले आंदोलन आपली भाषा, जमीन आणि मतदारयादीतील स्थान यांच्या काळजीतून उभे राहिले होते. कायदा पाळून आलेल्याला रांगेत उभे करावयाचे आणि कायदा मोडून आलेल्याला अभय द्यावयाचे, यात अन्याय आहेच. निराधार मजूर कमी दरात राबण्यास तयार होतो आणि त्याचा फटका स्थानिक गरिबाला बसतो, हा आक्षेपही उडवून लावण्यासारखा नाही. १९८३ साली आसामसाठी केलेल्या वेगळ्या कायद्याने परकीय शोधणे जवळजवळ अशक्य करून टाकले होते आणि म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने तो २००५ साली रद्द केला.

तथापि अधिकार असणे आणि तो सामूहिकरीत्या बजावता येणे या भिन्न गोष्टी आहेत. वरील चारही कामे नीट केली, तर संख्या लहान राहते आणि खर्च शासनाच्या हिशेबात दिसतो. ती टाळली, तर संख्या मोठी दिसते आणि खर्च ज्यांना तो सोसवत नाही अशा नागरिकांवर जाऊन पडतो. २०२५ साली दिल्लीत पकडून सीमेपार धाडलेल्या पश्चिम बंगालच्या एका गर्भवती स्त्रीला परत आणण्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांचे दरवाजे ठोठवावे लागले. ती डिसेंबरमध्ये परतली, तोवर पाच महिने उलटून गेले होते.

व्यवहार्य मार्ग त्यामानाने साधे आहेत. न्यायालयाने परकीय ठरविलेल्या आणि शिक्षा भोगलेल्या व्यक्तींची पाठवणी प्रथम व्हावी आणि त्यासाठी बांगलादेशाशी पडताळणीची मुदत ठरवून घ्यावी. संशयिताची चौकशी त्याच्या मूळ जिल्ह्याकडे आधी करावी, आणि उत्तर येण्यापूर्वी कोणालाही सीमेकडे नेऊ नये. जन्मनोंदी सुधाराव्यात. कमी मजुरीवर माणसे राबविणाऱ्या ठेकेदारांवर श्रमकायदे लावावेत, म्हणजे बेकायदा मजुराचे आकर्षण कमी होईल. यांतील कोणताही उपाय एका महिन्यात परिणाम दाखविणारा नाही. परंतु मानेसरच्या समाजमंदिरात जी तपासणी झाली, तीच आधी मालदा किंवा बरपेटा येथील कचेरीत एका पत्राने झाली असती, तर बहुतेकांना तेथे न्यावेच लागले नसते, आणि त्या दहा जणांचा शोधही थांबला नसता.