संदेशाचा मुक्काम कोण ठरवते? यीस्टपेशीतील आरएनए-प्रक्रिया

पाव फुगवणारे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हे यीस्ट एकपेशीय असले, तरी त्याची जनुके केंद्रकात आणि प्रथिने घडवणारे रायबोसोम पेशीद्रव्यात असल्याने, जनुकावरून उतरवलेल्या संदेशवाहक आरएनएला केंद्रकपटलातील छिद्रांतून बाहेर पडावेच लागते. त्यापूर्वी त्याच्यावर तीन संस्कार होतात: पुढच्या टोकाला रासायनिक टोपी चढते, प्रथिनाचा मजकूर नसलेले इंट्रॉन कापून उरलेले भाग सांधले जातात, आणि मागचे टोक ठरावीक जागी तोडून तेथे अ‍ॅडेनिन घटकांची शेपटी जोडली जाते. यीस्टच्या सुमारे ६,००० जनुकांपैकी जेमतेम ३०० जनुकांत इंट्रॉन असल्यामुळे, बहुतेक संदेशांच्या बाबतीत मागच्या टोकाच्या कामाला विशेष महत्त्व येते.

हे टोक तोडण्यात भाग घेणारी आरएनए१४ व आरएनए१५ ही प्रथिने किंवा शेपटी विणणारे पॅप१ हे विकर उत्परिवर्तनाने निकामी झाले, तर संदेश पेशीभर न पसरता जनुकाच्या आसपासच अडकून राहतात, असे २००१ साली रॉय पार्कर, मायकेल रॉसबाश आदींच्या संशोधनातून दिसले. आरएनए कुरतडणाऱ्या एक्झोसोम या संकुलातील आरआरपी६ हा घटक काढून टाकल्यास ही अडवणूक सैल पडते. म्हणजे सदोष संदेश केवळ वाहकाअभावी मागे राहत नाही, तर तपासणी करणारी यंत्रणा त्याला रोखून धरते. रॉसबाश यांच्याच प्रयोगशाळेने पुढे संदेशाचे टोक नेहमीच्या यंत्रणेऐवजी स्वतःला कापणाऱ्या रायबोझाइमकडून तोडवले, तेव्हा असा संदेश केंद्रकात साचला. मात्र अ‍ॅडेनिनची शेपटी जनुकातच लिहून ठेवल्यावर तो बाहेर पडू लागला.

केंद्रकातील तयारीचा प्रभाव छिद्रापलीकडेही टिकतो, हे एएसएच१ या जनुकाच्या संदेशावरून कळते. शी२ हे प्रथिन केंद्रकात ये-जा करते आणि तेथेच या संदेशाला चिकटू शकते. लॉक१ व पुफ६ या प्रथिनांच्या साथीने प्रवासात त्याचे भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन घडणे, थोपवले जाते, आणि पेशीद्रव्यात शी३च्या मध्यस्थीने मायो४ ही मोटर त्याला अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून कलिकेच्या, म्हणजे होऊ घातलेल्या कन्यापेशीच्या, टोकाकडे नेते. परिणामी एएसएच१ प्रथिन मुख्यतः कन्यापेशीत साठून समागम-प्रकार बदलण्यास लागणारे तेथील एचओ जनुक दाबते, त्यामुळे मातृपेशी आपला समागम-प्रकार बदलू शकते, पण कन्यापेशी बदलत नाही. संदेश कोठे पोहोचणार आणि कोठे वाचला जाणार, याचा बराचसा निर्णय अशा रीतीने त्याच्या घडणीच्या काळातच झालेला असतो.