परक्या हातीं आपलें माणूस

वृद्धपणीं माणूस विसराळू होतो ही गोष्ट आपल्या घरांतून इतकी परिचयाची आहे कीं, तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणारे आजोबा बहुतेक प्रत्येक कुटुंबांत होऊन गेलेले असतात. परंतु चष्मा कोठें ठेवला हें विसरणें निराळें, आणि चष्मा कशासाठीं असतो हेंच न उमगणें निराळें. या दुसऱ्या अवस्थेस वैद्यकांत डिमेन्शिया म्हणतात. मराठींत स्मृतिभ्रंश हा शब्द रूढ झाला आहे. तो थोडा अपुरा आहे. कारण स्मृतीबरोबरच स्थलकालाचें भान, भाषा, हिशेब, निर्णयशक्ति आणि शेवटीं चालण्या-गिळण्याच्या क्रियाहि या विकारांत क्रमाक्रमानें नाहींशा होतात.

अशा रुग्णांची संख्या थोडी नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठी ओलांडलेल्यांपैकीं शेंकडा ७.४ जणांना हा विकार आहे. म्हणजे एकूण सुमारें ८८ लाख माणसें. यांपैकीं बहुतेकांचें सर्व कांहीं घरच्यांनाच करावें लागतें. जेथें तें अशक्य होतें तेथें निवासी शुश्रूषागृहाचा विचार निघतो, आणि तो निघतांच घरांत मतभेद होतात. कोणी म्हणतो, जन्मदात्यांना परक्या हातीं देणें हा कृतघ्नपणा. कोणी म्हणतो, घरांत होणारे हाल पाहण्यापेक्षां तें बरें. शेजारींपाजारीं तर 'आईला आश्रमांत टाकलें' असेंच क्रियापद योजिलें जातें. या वादांत आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें थोडक्यांत असें: माणूस कोणत्या छपराखालीं राहतो यापेक्षां, ज्यांच्या हातीं तो असतो त्यांना तो कोण होता हें ठाऊक आहे कीं नाहीं, आणि घरचीं माणसें त्याच्याशीं असलेलें नातें पुढें चालू ठेवतात कीं नाहीं, यावर त्याचें सुखदुःख अधिक अवलंबून असतें.

ज्या रुग्णेमुळें या विकाराच्या सर्वांत मोठ्या प्रकाराला नांव मिळालें तिचीच हकीकत प्रथम पाहूं. १९०१ सालच्या नोव्हेंबरांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयांत आगुस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची एक गृहिणी दाखल झाली. तिच्या आजाराची सुरुवात पतीविषयींच्या मत्सरानें व संशयानें झाली होती. मग ती वस्तू इकडच्या तिकडे नेऊन लपवूं लागली, आणि स्वतःच्याच घरांत वाट चुकूं लागली. डॉक्टर अलोइस अल्झायमर यांनीं तिला नांव लिहावयास सांगितलें, तेव्हां पहिल्या शब्दानंतर पुढें काय लिहावयाचें हें ती विसरून गेली. आपण स्वतःच हरवलों आहों असें ती बोलून दाखवी. १९०६ सालच्या एप्रिलांत ती वारली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अल्झायमर यांनीं ट्यूबिंगेन येथील सभेंत तिच्या मेंदूंतील विकृतीचें वर्णन केलें, आणि १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या विकारास अल्झायमरचें नांव दिलें.

या हकीकतींतील दोन गोष्टी आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, संशय हा या रोगाचाच भाग आहे. 'माझ्या पाटल्या सुनेनें चोरल्या' असें सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगूं लागतात, आणि सून तो आळ मनाला लावून घेते. पाटल्या मात्र सासूबाईंनींच तांदळाच्या डब्यांत ठेवलेल्या असतात. ज्या घरांत हें दुखणें आहे असें वेळींच कळतें, तेथें पुष्कळ मनस्ताप वांचतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आगुस्टेला मृत्यु आला तो अंथरुणास खिळल्यामुळें पडलेल्या शय्याव्रणांतून विष अंगांत भिनून. आजहि हा रोग समूळ बरा करणारें औषध नाहीं. आरंभींच्या अवस्थेंत त्याची गति थोडी मंद करणारीं कांहीं औषधें अलीकडे निघालीं आहेत, इतकेंच. म्हणून वेळेवर कूस बदलणें, घोट घोट पाणी पाजणें, घास मऊ करून सावकाश भरवणें, यांनाच येथें औषधाचें महत्त्व येतें.

विसाव्या शतकांत पाश्चात्य देशांत या रुग्णांसाठीं जीं शुश्रूषागृहें निघालीं तीं बव्हंशीं रुग्णालयाच्या धर्तीवर होतीं. ओळीनें मांडलेल्या खाटा, घड्याळाच्या ठोक्याला जेवण, गणवेषांतील परिचारिका आणि कुलूपबंद दार. व्यवस्था चोख, परंतु आपण कोठें आहों हेंच ज्याला कळत नाहीं, त्याला अशा ठिकाणीं जागें झाल्यावर घरीं जावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. तो दाराकडे जातो. अडवलें कीं चिडतो. आणि चिडला कीं शांत करण्यासाठीं त्याला औषध दिलें जातें. १९८७ सालीं अमेरिकेनें कायदा करून, केवळ नोकरवर्गाच्या सोयीसाठीं रहिवाशांना बांधून वा गुंगवून ठेवण्यास मनाई केली. इंग्लंडच्या आरोग्यखात्यासाठीं प्राध्यापक सुबे बॅनर्जी यांनीं २००९ सालीं जो अहवाल लिहिला तो तर विचार करावयास लावणारा आहे. तीव्र मनोविकारांसाठीं असलेलीं शामक औषधें त्या देशांत दरवर्षीं सुमारें १,८०,००० स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिलीं जात होतीं. त्यांपैकीं फार तर ३६,००० जणांना त्यांचा कांहीं उपयोग होत असावा. उलट त्यांच्यामुळें वर्षाला सुमारें १,८०० अधिक मृत्यु ओढवत होते, असा त्या अहवालाचा हिशेब आहे. पुढील कांहीं वर्षांत तेथील हें प्रमाण बरेंच उतरलें. म्हणजे मनावर घेतल्यास औषधावांचूनहि पुष्कळांना सांभाळतां येतें, हें सिद्ध झालें.

तें कसें, याचें एक उदाहरण हॉलंडांत पाहावयास मिळतें. ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या वेस्प या गांवीं होगेवेक नांवाची वसाहत २००९ सालीं उभी राहिली. त्यापूर्वीं तेथें जुन्या पद्धतीचें शुश्रूषागृह होतें. आपल्या स्वतःच्या आईवडिलांना आपण येथें ठेवूं काय, असा प्रश्न तेथें काम करणाऱ्या मंडळींनीं स्वतःस विचारला, आणि उत्तर नकारार्थी आल्यावर त्यांनीं सारी रचनाच बदलावयाचें ठरविलें. प्रारंभीं २३ घरें व सुमारें १५० रहिवासी असा तिचा विस्तार होता. प्रत्येक घरांत सहासात माणसें, स्वयंपाक घरांतच, वसाहतींत किराण्याचें दुकान, उपाहारगृह, नाट्यगृह, चौक व बागा. बाहेर जाण्याचा मार्ग एकच, परंतु आंत रहिवासी मोकळेपणीं हिंडतात. परिचारिका साध्या वेषांत वावरतात. विशेष हा कीं, माणूस पूर्वीं कोणत्या राहणींत वाढला हें पाहून त्याचें घर ठरविलें गेलें: कारागिरांचें घर निराळें, सधनांचें निराळें, धर्मपरायणांचें निराळें, आणि ज्यांचें आयुष्य इंडोनेशियांतील डच वसाहतीशीं जोडलेलें होतें त्यांचें निराळें. त्यांच्या घरीं भात शिजे.

यावर टीकाहि झाली. हें गांवाचें सोंग आहे, रुग्णांची ही फसवणूक आहे, असें कित्येकांनीं म्हटलें. परंतु तेथील दुकानांत मिळणारा पाव खरा असतो आणि चुलीवरचें सूपहि खरें असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आक्षेपाचा जोर कमी होतो. खरी अडचण पैशाची आहे. डच सरकारची दीर्घकालीन शुश्रूषेची सार्वत्रिक विमायोजना तेथील बहुतेक खर्च सोसते. तशी योजना आपल्याकडे नाहीं. म्हणून होगेवेकची नक्कल येथें करावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या मुळाशीं असलेली गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे, आणि ती म्हणजे रुग्णाचें पूर्वायुष्य जाणून घेणें. इंग्लंडांतील ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनीं १९९७ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच आग्रह धरिला कीं, रोगाच्या आधीं माणूस पाहावा.

आतां आपल्या घराकडे वळूं. एकत्र कुटुंब हेंच उत्तम शुश्रूषागृह, असें आपण अभिमानानें म्हणतों. आणि त्यांत तथ्य आहे. ओळखीचें घर, ओळखीचा आवाज व देवघरांतला ओळखीचा वास यांनीं अशा माणसास जो धीर मिळतो तो विकत मिळत नाहीं. परंतु घरांत दहा माणसें असलीं तरी शुश्रूषेचा भार बहुधा एकाच बाईवर पडतो. रात्रींतून तीनदां उठणारी, कपडे बदलणारी, आणि वर आळहि सोसणारी ती सून किंवा लेक. बाकीचे सणावाराला येऊन सल्ला देतात. आजी घरीं आहेत एवढ्यानें कर्तव्य पुरें झालें असें ज्यांना वाटतें, त्यांनीं त्या बाईच्या प्रकृतीची एकदां चौकशी करावी. कामाच्या पाळ्या लावाव्या, पगारी मदतनीस ठेवावी, आणि तिला आठवड्यांतून एक दिवस तरी पूर्ण मोकळीक द्यावी. एवढें करूनहि रुग्ण रात्रीं घराबाहेर निघून जातो, उचलतांना दोघांचेंहि पडणें होतें, घास श्वासनलिकेंत जातो, किंवा सांभाळणारीच अंथरूण धरते, अशी वेळ आली तर शुश्रूषागृहाचा विचार करण्यांत कमीपणा मानूं नये.

मात्र स्थळ पाहावयास जातांना जितकी चौकशी आपण करतों तितकी तरी येथें करावी. इमारत व बाग पाहून परत फिरूं नये. एकदां न कळवितां, शक्यतों संध्याकाळीं जावें. कारण दिवस मावळतांना हे रुग्ण अधिक बावरतात, आणि व्यवस्थेची खरी परीक्षा तेव्हांच होते. रात्रपाळीला कितीजणांमागें एक माणूस असतो, नोकर वरचेवर बदलतात काय, कोणास बांधून ठेविलें आहे काय, दिवसाहि सगळे पेंगत बसले आहेत काय, हें पाहावें. शामक औषध कोणत्या डॉक्टरांच्या आज्ञेनें व किती दिवसांसाठीं देतात, वजन दरमहा करतात काय, शय्याव्रण कितीजणांस झाले, हें स्पष्ट विचारावें. रुग्ण एकाएकीं आरडाओरडा करूं लागला तर प्रथम दुखणारी दाढ, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ किंवा कानयंत्रांतील बिघाड शोधतात, कीं थेट गोळी देतात, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून पुष्कळ कळून येईल. आणि रुग्ण पूर्वीं काय करीत होता हें ज्या संस्थेनें तुम्हांस विचारलेंच नाहीं, तेथें दोनदां विचार करावा.

विचारलें नाहीं तरी घरच्यांनीं आपण होऊन दोन पानें लिहून द्यावीं. आजोबा चहा बशींतूनच घेतात. पहाटे स्नान झाल्याशिवाय कांहीं खात नाहींत. कांदा-लसूण त्यांना चालत नाहीं. आजींना 'माई' म्हटल्याशिवाय त्या ओ देत नाहींत. नऊवारी सोडून गाऊन घातला तर त्या लाजेनें खोलीबाहेर येत नाहींत. आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टी परक्या परिचारिकेला कळणार कशा? जन्मभर शाळेंत शिकविलेले गृहस्थ संध्याकाळीं अस्वस्थ होऊन येरझारा घालूं लागले, तर त्यांच्यापुढें तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा ठेवावा हें, ते मास्तर होते हें ठाऊक असलेल्यासच सुचेल.

भाषेची गोष्ट तर अधिकच महत्त्वाची. मागाहून शिकलेली भाषा या रोगांत पुष्कळदां आधीं जाते आणि मातृभाषा मागें उरते. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं वडील मंडळी मुलांच्या मागें इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. चाळीस वर्षें इंग्रजींत व्यवहार केलेल्या गृहस्थास उतारवयांत मराठीशिवाय कांहीं बोलतां येईनासें झालें, आणि शुश्रूषागृहांत मराठी जाणणारें कोणी नसलें, तर 'पाणी' हा शब्द उच्चारूनहि तो तहानलेलाच राहील. अशा ठिकाणीं नित्याच्या वीस-पंचवीस मराठी शब्दांची यादी, उच्चार व अर्थ यांसह, खाटेजवळ लावून ठेवावी.

एक व्यावहारिक सूचना येथेंच करतों. रोगाचें निदान होतांच, बुद्धि शाबूत आहे तोंवर, मृत्युपत्र व पैशाचे व्यवहार मार्गी लावावे. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याची बुद्धि विकल झाली कीं त्या मुखत्यारपत्राचा अंमल संपतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणें, पुढें आपल्यावर कोणते उपचार व्हावे वा होऊं नयेत हें आगाऊ लिहून ठेवण्याचा, आणि आपला प्रतिनिधि नेमण्याचा हक्क प्रत्येक प्रौढ माणसास आहे. वडिलांना काय हवें हें त्यांनाच विचारण्याची संधि थोडे दिवसच असते; ती दवडूं नये.

शेवटची गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. 'त्यांना आतां कोणी ओळखूं येत नाहीं, मग जाऊन काय करावयाचें?' असें म्हणून पुष्कळजण भेटीस जाणें हळूहळू बंद करतात. हें चूक आहे. नांव आठवलें नाहीं तरी हात धरणारा आपला आहे हें त्यांना बराच काळ जाणवतें. भेट विसरली तरी तिनें आलेली प्रसन्नता कांहीं वेळ टिकते. शिवाय ज्याच्याकडे घरचें माणूस नेमानें येतें, त्याच्या अंथरुणाकडे, नखांकडे व पाण्याच्या भांड्याकडे नोकरवर्गाचेंहि अधिक लक्ष राहतें. म्हणून ज्या दिवशीं आईला शुश्रूषागृहांत पोंचवाल, त्याच दिवशीं कोणत्या वारीं कोणी भेटीस जावयाचें याची वांटणी भावंडांनीं करून घ्यावी, आणि मागाहून येणाऱ्या अडचणींना ती मोडूं देऊं नये.