क्रीडांगणातील संगीतश्रवण : पॉल मॅकार्टनी यांच्या जलशांच्या निमित्ताने

क्रीडांगणाची रचना डोळ्यांसाठी झालेली असते, कानांसाठी नव्हे. मध्यभागी चाललेला खेळ सभोवारच्या प्रत्येकास दिसावा, एवढाच तिचा हेतू. अशा वास्तूच्या एका टोकास मंच उभारून पन्नास-साठ हजारांच्या समुदायास गाणे ऐकविण्याची प्रथा रॉक संगीताने रूढ केली. आणि त्या प्रथेचा जवळजवळ सारा इतिहास एकाच गायकाच्या आयुष्यात सामावलेला आहे. १८ जून १९४२ रोजी जन्मलेले पॉल मॅकार्टनी तेविसाव्या वर्षी अशा मंचावर प्रथम उभे राहिले आणि ऐंशी वर्षांचे झाल्यावरही तेथे उभे राहत आले. त्यांच्या जलशास जाणारा श्रोता नेमके काय ऐकतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ ध्वनिशास्त्राचा उरत नाही.

न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये १५ ऑगस्ट १९६५ रोजी बीटल्स ह्या चमूचा जो जलसा झाला, त्यास सुमारे ५५,६०० श्रोते हजर होते. हा जलसा बहुतेकांना ऐकू आलाच नाही. चमूसाठी शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर मुद्दाम तयार करण्यात आले होते. पण गायकांचे आवाज मुख्यतः बेसबॉलच्या सामन्यातील सूचना ज्या यंत्रणेतून दिल्या जात, तिच्यातूनच श्रोत्यांकडे जात होते. सूचना देणाऱ्या यंत्रणेस शब्द कळविता येतात, गाणे पोचविता येत नाही. त्यातच किशोरवयीन श्रोत्यांच्या किंकाळ्या एवढ्या प्रचंड होत्या की, ढोलवादक रिंगो स्टार यांना साथीदारांच्या शरीराच्या हालचाली पाहून गाणे कोठवर आले आहे हे ताडावे लागे. अर्ध्या तासात सारे आटोपले. पुढे त्या प्रसंगाचा जो चित्रपट निघाला, त्यासाठी ध्वनीचा बराच भाग जानेवारी १९६६ मध्ये लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात नव्याने मुद्रित करावा लागला! त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅन्डलस्टिक पार्कमधील कार्यक्रमानंतर चमूने तिकिटे लावून जलसे करणे थांबविले. आपले गाणे आपणासच ऐकू येत नाही, ही त्या निर्णयामागील कारणांपैकी एक मोठे कारण होते.

अडचण केवळ आवाज लहान असण्याची नव्हती. मोकळ्या जागेत एका बिंदूपासून निघालेला ध्वनी अंतर दुप्पट होताच सहा डेसिबलने क्षीण होतो. मंचापासून १० मीटरवरील श्रोत्याच्या तुलनेने १६० मीटरवरील श्रोत्यास तो २४ डेसिबलने मंद ऐकू येणार. शेवटच्या रांगेसाठी पुरेसा आवाज मंचावरूनच सोडावयाचा, तर पहिल्या रांगेतील श्रोत्यांच्या कानांस इजा होईल. ह्यावर निघालेला एक उपाय म्हणजे ध्वनिवर्धकांची उभी माळ. अनेक ध्वनिवर्धक एकाखाली एक असे जवळजवळ टांगले म्हणजे त्यांचा मिळून एक रेषारूप उगम होतो, आणि विशिष्ट अंतरापर्यंत त्याचा ध्वनी दुप्पट अंतरास सहाऐवजी तीनच डेसिबलने उतरतो. फ्रेंच पदार्थवैज्ञानिक क्रिस्तियाँ हील यांनी ह्या तत्त्वावर आधारलेली यंत्रणा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात व्यवहारात आणली. आज मंचाच्या दोन्ही अंगांस केळीच्या घडाप्रमाणे खाली वळत गेलेल्या ज्या काळ्या पेट्या लोंबताना दिसतात, त्या ह्याच होत.

परंतु ध्वनीच्या मंदपणाहून त्याचा विलंब अधिक घातक असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १५० मीटरवरील श्रोत्यापर्यंत पोचण्यास त्यास ०.४४ सेकंद लागतात. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. ढोलावर काठी पडल्याचे पडद्यावर दिसते आणि तिचा नाद जवळजवळ पुढच्या मात्रेवर कानी येतो. मंदपणा घालविण्यासाठी मैदानाच्या मध्यावर नुसते आणखी ध्वनिवर्धक उभे केले, तर मागच्या श्रोत्यास तेच गाणे दोनदा ऐकू येईल : आधी जवळच्या खांबावरून, मागाहून मंचाकडून. म्हणून खांबावरील ध्वनी जाणूनबुजून थांबवून धरावा लागतो. खांब मंचापासून ७५ मीटरवर असेल, तर सुमारे २१९ सहस्रांश सेकंद. आणि त्यावर आणखी दहा-पंधरा.

ही वरची दहा-पंधरा सहस्रांशांची भर मोठी मार्मिक आहे. जर्मन संशोधक हेल्मूट हास यांनी १९४९ साली गटिंगेन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात असे दाखविले की, एकच ध्वनी दोन दिशांनी किंचित पुढेमागे आला असता कान त्याची दिशा आधी आलेल्या ध्वनीवरून ठरवितो. मागून आलेला ध्वनी बराच मोठा असला तरी तो वेगळा जाणवत नाही. त्यामुळे श्रोत्याच्या डोक्यावरील खांब गात असतो आणि श्रोत्यास मात्र दूरचा तो ठिपक्याएवढा माणूसच गात आहे असा प्रत्यय येतो. ही फसवणूक खरी, पण तिच्यावाचून गायक आणि गाणे यांची श्रोत्याच्या मनात सांगडच बसली नसती. मावळतीनंतर हवा थंड होत जाते तसे हे गणित पुन्हा जुळवावे लागते. ३० अंशांवरून पारा १५ वर उतरला, तर ७५ मीटरांत पाचसहा सहस्रांशांचा फरक पडतो. वारा मात्र कोणाच्याच हाती नसतो.

शे स्टेडियमच्या जागी उभ्या राहिलेल्या सिटी फील्डमध्ये जुलै २००९ मध्ये, आणि पाडले जाण्यापूर्वी कॅन्डलस्टिक पार्कमध्ये १४ ऑगस्ट २०१४ रोजी मॅकार्टनी पुन्हा गायिले, तेव्हा श्रोत्यांस प्रत्येक शब्द ऐकू आला. पण गायकही आता तो राहिला नव्हता. उतारवयात स्वरतंतूंचे स्नायू कृश होतात, कंठातील कूर्चा कठीण होतात, तंतूंच्या कडा पूर्णपणे मिटत नाहीत. आवाजात श्वासाची खरखर मिसळते आणि तारसप्तकातील जागा निसटू लागतात. ऐंशीच्या आसपासचा गायक अडीच तासांत पस्तीसच्या घरात गाणी म्हणतो, त्यातील काही गाणी त्याने विशीत रचिलेली असतात. ज्या काळी गळा समर्थ होता त्या काळी यंत्र दुबळे होते. यंत्र समर्थ झाले, तेव्हा ते गळ्याची झीजही शेवटच्या रांगेपर्यंत निर्दयपणे पोचवू लागले. केवळ स्वरशुद्धीच्या ओढीने जाणाऱ्याने घरी ध्वनिमुद्रिका ऐकावी हे बरे.

तथापि श्रोते जातात, आणि काही ठिकाणी उणीव तेच भरून काढतात. १९६८ सालच्या ‘हे ज्यूड’ ह्या गाण्याचा उत्तरार्ध म्हणजे एकाच पालुपदाची दीर्घ आवर्तने आहेत. ती सारे मैदान म्हणते. ध्वनिशास्त्रदृष्ट्या हे समूहगान नव्हेच. १२० मीटरवरील श्रोता गाणे ०.३५ सेकंद उशिरा ऐकतो, त्याचा आवाज मंचाकडे परतण्यास तेवढाच वेळ घेतो. मंचावर समुदायाचे गाणे पाऊण सेकंदापर्यंत मागे रेंगाळत पसरलेले येते. गायकाने त्याकडे कान दिला तर लय बुडेल, म्हणून त्याने वादकांना धरूनच राहावयाचे. श्रोत्यास मात्र तीनचार मीटरवरील शेजाऱ्यांचे आवाज दहाएक सहस्रांशात मिळतात, आणि त्याच्या पुरते सारे मैदान एका तालात असते. एकाच मैदानात अशी शेकडो लहान लहान गाणी एकाच वेळी चाललेली असतात. मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर २००३ साली रोलिंग स्टोन्सना किंवा नवी मुंबईत २०१९ साली यू-टू ह्या चमूला ऐकावयास गेलेल्यांनीही नकळत हाच अनुभव घेतला असेल. बैठकीत गायकाच्या समेवर मान हलविणाऱ्या रसिकाचा अनुभव ह्याहून निराळा. तेथे गायक दाद देणाऱ्याचा चेहरा पाहू शकतो.

२०२२ सालच्या दौऱ्यात यंत्राने आणखी एक पाऊल टाकले. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनमध्ये एका इमारतीच्या गच्चीवर झालेल्या वादनाच्या फितीतून जॉन लेनन यांचा आवाज वेगळा काढण्यात आला, आणि १९८० साली हत्या झालेल्या त्या सहकाऱ्याबरोबर मॅकार्टनी पडद्याकडे पाहत गाऊ लागले. श्रोत्यांच्या दृष्टीने पाहता दोन्ही आवाज एकाच ध्वनिवर्धकातून आलेले होते.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये, म्हणजे मोकळ्या उद्यानात, १४ जुलै २०१२ रोजी ब्रूस स्प्रिंग्स्टीन यांच्या तीन तासांहून अधिक चाललेल्या जलशाच्या अखेरीस मॅकार्टनी मंचावर आले. दोघांनी मिळून दोन गाणी म्हटली. ठरलेली वेळ उलटून गेली होती, म्हणून ध्वनिवर्धक बंद करण्यात आले. दोघेही मंचावर होते, श्रोतेही जागचे हलले नव्हते. निरोपाचे आणि आभाराचे शब्द मात्र कोणालाच ऐकू गेले नाहीत.