कोप गप्प का झाला?

लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर लेस्टर सिटीविरुद्ध झालेल्या एका सामन्याचे चित्रीकरण ४० फुटबॉल पंचांना दाखवले गेले. त्यातले ४७ प्रसंग निवडले होते. कुणी कुणाला पाडले, कुणाचा पाय उशिरा आला. हा फाऊल की नाही, एवढेच पंचांनी सांगायचे. काही पंचांना चित्रासोबत प्रेक्षकांचा कल्लोळही ऐकू येत होता, बाकीच्यांनी तेच प्रसंग आवाज बंद करून पाहिले. वॉल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठातील ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी घरच्या संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. हे पंच मैदानावर नव्हते, त्यांच्या अंगावर कुणी ओरडत नव्हते. नुसता ध्वनिमुद्रित आवाज कानावर पडला आणि घरच्या संघाला दोष देताना त्यांचा हात आखडला.

घरच्या सामन्याला गेलेल्या पाठीराख्याने गावे, घोषणा द्याव्यात, की पैसे मोजून आलेल्या माणसाने निवांत बसून खेळ पाहावा? इंग्लंडमध्ये हा वाद गेली तीस वर्षे चालू आहे. पाहुण्या संघाचे तीन हजार लोक मैदानाच्या एका कोपऱ्यात नव्वद मिनिटे गात राहतात आणि घरचे पन्नास हजार त्यांच्याकडे बघत बसतात, हे दृश्य तिथे नेहमीचे झाले आहे. नोव्हेंबर २००० मध्ये डायनॅमो कीव्हविरुद्धच्या सामन्यानंतर मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन याने आपल्याच मैदानावरच्या प्रेक्षकांवर तोंड सोडले. चार पेये आणि कोळंबीचे सँडविच पोटात गेले की या लोकांना समोर काय चालले आहे हेच कळत नाही, असा त्याचा सूर होता. पाहुण्या मैदानांवर सोबत येणाऱ्या आपल्या पाठीराख्यांचे मात्र त्याने कौतुक केले. तेव्हापासून ‘कोळंबी सँडविचवाले’ ही तिथे एक शिवीच होऊन बसली.

शिवी देणे सोपे आहे. गाणारे मैदान गप्प कसे झाले, ते पाहायला जरा मागे जावे लागते, आणि त्यासाठी ॲनफील्डच्या ‘कोप’सारखे दुसरे ठिकाण नाही.

जानेवारी १९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात स्पिऑन कोप नावाच्या टेकडीवर ब्रिटिश आणि बोअर सैन्यांची लढाई झाली. लँकाशायरच्या पलटणींतले अनेक जवान तिथे कामी आले. याच लढाईत जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्या भारतीय शुश्रूषा पथकात मोहनदास गांधी होते. सहा वर्षांनी लिव्हरपूल क्लबने दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि मैदानाच्या एका टोकाला प्रेक्षकांना उभे राहण्यासाठी उंच उतार बांधला. स्थानिक दैनिकाचे क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला त्या टेकडीचे नाव सुचवले. १९२८ मध्ये उतार वाढवून त्यावर छप्पर घातले गेले आणि एका स्टँडवर सुमारे तीस हजार माणसे खेटून उभी राहू लागली. छपरामुळे त्यांचा आवाज बाहेर न जाता थेट मैदानावर येऊन आदळे.

गाणी आली ती साठच्या दशकात. बीटल्सच्या शहरात सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी वाजत आणि कोप ती उचलून धरे. गेरी अँड द पेसमेकर्सने १९६३ मध्ये गायलेले ‘यूल नेव्हर वॉक अलोन’ हे मुळात १९४५ च्या एका अमेरिकन संगीतिकेतले गाणे. ते लोकप्रियतेच्या यादीतून उतरले, पण कोपने सोडले नाही. एप्रिल १९६४ मध्ये आर्सेनलला ५-० असे हरवून लिव्हरपूल विजेते झाले, त्या दिवशी बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने कोपचे चित्रीकरण केले. त्यात बीटल्सची गाणी म्हणणारी, कोट-टाय घातलेली तरुण पोरे लाटेसारखी पुढे-मागे झुलताना दिसतात. हातवारे करून त्यांना गायला लावणारा कुणी नाही.

मग १५ एप्रिल १९८९ उजाडला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उपांत्य सामन्यासाठी आलेले लिव्हरपूलचे पाठीराखे कुंपण घातलेल्या कप्प्यांमध्ये चेंगरले. मृतांचा आकडा आज ९७ आहे. लॉर्ड टेलर यांच्या चौकशीने पोलिसांचे नियंत्रण सुटणे हे मुख्य कारण ठरवले. तरीही त्यांच्या जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालाने सगळ्या मैदानांवर फक्त खुर्च्या असाव्यात अशी शिफारस केली. उभे राहणे मुळातच धोक्याचे नाही, हे त्याच अहवालात मान्य केले होते. ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विचविरुद्धच्या सामन्याला कोप शेवटचा उभा राहिला. लिव्हरपूल तो सामना ०-१ असा हरले. नव्या कोपमध्ये बारा हजारांच्या आसपास खुर्च्या बसल्या.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. खुर्च्या आल्या म्हणून तिकीट महाग व्हायलाच हवे, असे टेलर यांनी कुठेही म्हटलेले नाही. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर बसायला ६ पौंड आणि उभे राहायला ४ पौंड पडतात, असे उदाहरण त्यांनी मुद्दाम दिले होते. क्लबांनी सुरक्षेची शिफारस घेतली आणि किमतीची सूचना बाजूला ठेवली. जी पोरे शनिवारी दुपारी मित्रांसोबत येऊन पायऱ्यांवर हवी तिथे उभी राहत, त्यांना आता आगाऊ पैसे भरून ठरावीक खुर्ची घ्यावी लागली. चार मित्र चार टोकांना विखुरले. सामूहिक गाणे एकट्याने सुरू होत नाही. शेजारी ओळखीचा आवाज लागतो. पाहुण्या कोपऱ्यातले लोक गातात याचे कारणही हेच आहे. ते एकाच गाडीने आलेले असतात, एकमेकांना ओळखतात आणि खुर्ची असूनही उभेच राहतात.

यात गप्प बसणाऱ्याचाही पक्ष आहे आणि तो खरा आहे. चाळीस वर्षे त्याच मैदानावर येणारा, गुडघे दुखणारा म्हातारा तोंडातून शब्द न काढता खेळाचा एकेक धागा पाहत असतो. त्याचे प्रेम गाणाऱ्यापेक्षा कमी नाही. शिवाय गाणाऱ्यांनी सगळे चांगलेच गायले असेही नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना माकडाचे आवाज काढणारेही मैदानातलेच होते. हिल्सबरोच्या मृतांवरून लिव्हरपूलकरांना चिडवणाऱ्या घोषणा अजूनही ऐकू येतात, आणि त्यांना ‘वातावरण’ म्हणणे म्हणजे निव्वळ निर्लज्जपणा आहे.

पण आवाज नसला तर काय होते, हेही जगाने एकदा पाहिले. करोनाकाळातल्या २०२०-२१ च्या हंगामात प्रीमियर लीगचे बहुतेक सामने रिकाम्या मैदानांवर झाले. ३८० सामन्यांत घरच्या संघांनी १४४ जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत पाहुण्यांचे विजय घरच्यांपेक्षा जास्त भरण्याची ती पहिलीच वेळ होती. लिव्हरपूल तर घरच्या मैदानावर सलग ६८ लीग सामने अपराजित होते. २१ जानेवारी २०२१ रोजी बर्नलीने रिकाम्या ॲनफील्डवर ती मालिका तोडली आणि त्यापाठोपाठ ते घरी आणखी पाच सामने हरले. व्हॅन डाइकसह बचावफळी जायबंदी होती, त्यामुळे सगळा दोष रिकाम्या खुर्च्यांना देता येणार नाही. मात्र संपूर्ण लीगचा आकडा एका संघाच्या दुखापतींनी समजावता येत नाही.

हरवलेला आवाज पुन्हा मिळवण्याचे दोन मार्ग क्लबांनी करोनाच्या आधीच वापरले होते. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये प्रत्येक खुर्चीवर कागदी फटफटे ठेवले. त्या वर्षी ते चक्क विजेते झाले, म्हणून इतरांनीही ती नक्कल केली. फटफट्याने आवाज होतो, पण त्यात गावाचे काही नसते. दुसरा मार्ग लिव्हरपूलचा तेव्हाचा प्रशिक्षक युर्गेन क्लॉप याचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने ८२व्या मिनिटाला गोल केला आणि ॲनफील्डवरची माणसे उठून बाहेर पडू लागली. आपल्याला तेव्हा फार एकटे वाटले, असे क्लॉपने सामन्यानंतर सांगितले. महिन्याभराने वेस्ट ब्रॉमविरुद्ध अखेरच्या क्षणी बरोबरी साधल्यावर त्याने खेळाडूंना हातात हात घालून कोपसमोर नेले. बरोबरीचे काय कौतुक, म्हणून तेव्हा टीका झाली. ७ मे २०१९ रोजी बार्सिलोनाविरुद्ध पहिल्या लढतीतली ०-३ ची पिछाडी भरून काढत त्याच मैदानावर लिव्हरपूल ४-० असे जिंकले. त्या रात्रीचा कोप ज्यांनी ऐकला, त्यांनी ती टीका पुन्हा केली नसेल.

क्लॉप आला होता डॉर्टमुंडहून. तिथल्या दक्षिण स्टँडवर आजही चोवीस हजारांहून अधिक लोक उभे राहून सामना पाहतात. जर्मनीत क्लबमधल्या मतांचे बहुमत सभासदांकडे असावे, असा नियम आहे. म्हणून तिथला पाठीराखा स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. आपला आवाज ही आपली मालमत्ता आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि ती काढून घ्यायलाही तो कचरत नाही. २०१२ च्या अखेरीस नव्या सुरक्षा नियमावलीच्या निषेधार्थ जर्मन मैदानांवर पहिली १२ मिनिटे १२ सेकंद कुणी ब्र काढला नाही. चेंडूला लागलेली लाथ वरच्या रांगेपर्यंत ऐकू येत होती.

ॲनफील्डनेही हे हत्यार एकदा उपसले. नव्या स्टँडमधले सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांना ठेवल्याची घोषणा झाली, तेव्हा ६ फेब्रुवारी २०१६ रोजी संडरलँडविरुद्ध लिव्हरपूल २-० असे पुढे असताना ७७व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून चालते झाले. त्यानंतर संडरलँडने दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.

म्हणून या वादाचा निकाल एकाच बाजूने लागतो: पाठीराख्याने घरच्या मैदानावर गावेच, पण त्याचा जाब आधी क्लबला विचारायला हवा. गाणाऱ्यांना एकत्र उभे राहायला जागा आणि तरुणांना परवडेल असे तिकीट देणे हे क्लबचे काम आहे. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ पासून कठडे लावून सुरक्षितपणे उभे राहायची परवानगी मिळू लागली, ही त्यातली मोठी सुधारणा. ज्याला बसायचे आहे त्याला बसू द्यावे. त्याच्यासाठी इतर तीन बाजू आहेत.

महाराष्ट्राला यातले काही परके वाटू नये. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे पाठीराखे पेठेच्या इभ्रतीसाठी घसा फोडतात. मुंबईत मात्र १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली आणि प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून हात जोडले: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला केनियाविरुद्ध तो आपला शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळायला उतरला, तेव्हा एकही तिकीट शिल्लक नव्हते. भर पावसात माणसे उभी होती, गात होती, आणि भारत ३-० असा जिंकला.