के-ड्रामा आणि स्ट्रीमिंग सेवा

के-ड्रामा हे दक्षिण कोरियात तयार होणाऱ्या कोरियन भाषेतील दूरचित्रवाणी मालिकांचे रूढ नाव आहे. पूर्वी या मालिका परदेशी वाहिन्यांना विकल्या जात. २०१६ नंतर त्या मोठ्या प्रमाणावर स्ट्रीमिंग सेवांवर पाहिल्या जाऊ लागल्या. या बदलामुळे त्यांना जगभर प्रेक्षक मिळाला. त्याचबरोबर, मालिकेची मालकी निर्मात्याकडे राहावी की सेवेकडे, हा प्रश्नही निर्माण झाला.

स्वरूप

पारंपरिक के-ड्रामा साधारणतः १६ भागांचा असतो. प्रत्येक भाग सुमारे एक तासाचा असून आठवड्यातून दोन भाग प्रसारित होतात. त्यामुळे कथा सुमारे दोन महिन्यांत पूर्ण होते. ऐतिहासिक मालिका याहून मोठ्या असू शकतात. 'डे जांग गम' (२००३-०४) ही मालिका ५४ भागांची होती.

परदेशांतील प्रसार

'विंटर सोनाटा' (२००२) ही मालिका २००३ मध्ये जपानमध्ये प्रसारित होऊन अतिशय लोकप्रिय झाली. कोरियन लोकप्रिय संस्कृतीच्या या प्रसाराला 'हाल्ल्यू' म्हणजे 'कोरियन लाट' असे म्हणतात. भारतात मणिपूरमध्ये एका बंडखोर संघटनेने २००० मध्ये हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यानंतर तेथील प्रेक्षक 'अरिरंग' या कोरियन उपग्रह वाहिनीकडे वळले.

निर्मितीतील बदल

पूर्वी अनेक मालिकांचे चित्रीकरण प्रसारण सुरू असतानाच चालत असे. संवादांची पाने कधी कधी चित्रीकरणाच्या दिवशीच कलाकारांच्या हाती पडत. प्रेक्षकांच्या प्रतिसादानुसार कथानक बदलता येई. मात्र कलाकार व तंत्रज्ञांना रात्रंदिवस काम करावे लागे. नेटफ्लिक्स ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये दक्षिण कोरियात आणि भारतात एकाच वेळी सुरू झाली. तिची पहिली मूळ कोरियन मालिका 'किंगडम' जानेवारी २०१९ मध्ये आली. तिच्या पहिल्या पर्वाचे सहाही भाग एकदम उपलब्ध करण्यात आले. अशा पद्धतीत सर्व भाग आधीच पूर्ण करावे लागतात.

मालकीहक्काचा प्रश्न

मूळ मालिकेच्या करारात सेवा सर्व खर्च उचलते आणि हक्क सामान्यतः स्वतःकडे ठेवते. 'स्क्विड गेम' (२०२१) हे याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे. ह्वांग डोंग-ह्योक यांनी लिहिलेली ही कथा सुमारे दहा वर्षे कोणी स्वीकारली नव्हती. प्रदर्शनानंतर पहिल्या चार आठवड्यांत ती १४.२ कोटी कुटुंबांनी पाहिल्याचे नेटफ्लिक्सने जाहीर केले. २०२२ मध्ये ह्वांग यांना दिग्दर्शनासाठी व ली जंग-जे यांना अभिनयासाठी एमी पुरस्कार मिळाला. तथापि, आपल्याला मूळ करारानुसारच मोबदला मिळाला, असे ह्वांग यांनी मुलाखतीत सांगितले.

'किंगडम'ची निर्मिती करणाऱ्या एस्टोरी या कंपनीने पुढे वेगळा मार्ग निवडला. 'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' (२०२२) या मालिकेचे हक्क तिने स्वतःकडे ठेवले. मालिका ईएनए या छोट्या वाहिनीवर प्रसारित झाली आणि नेटफ्लिक्सला केवळ प्रदर्शनाचा परवाना मिळाला. वाहिनीवरील तिचा प्रेक्षकवाटा पहिल्या भागातील सुमारे ०.९ टक्क्यांवरून अखेरच्या भागात १७.५ टक्क्यांवर गेला. हक्क स्वतःकडे ठेवणाऱ्या निर्मात्याला रूपांतर व पुनर्निर्मितीचे उत्पन्न मिळू शकते. पण मालिका अयशस्वी ठरल्यास तोटाही त्यालाच सोसावा लागतो.