विश्लेषण : कालव्याचा फायदा पाणीपट्टीत दिसतो का? गाडगिळांनी नगर जिल्ह्यात काय मोजले होते?

निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. प्रकल्पाचा विचार १९७० चा. म्हणजे पाण्याला शिवारात पोहोचायला अर्धे शतक लागले. या ८५ किलोमीटरच्या कालव्याने अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील दुष्काळी गावांना नेमके काय दिले, हे येत्या काळात विचारले जाईल. हाच प्रश्न याच जिल्ह्यात, याच प्रवरेच्या काठी पूर्वी एकदा फार बारकाईने विचारला गेला होता. विचारणारे होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ.

एकाच जिल्ह्यात दोन टोके कशी?

क्षेत्रफळाने राज्यातील हा सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यातील घाटघरला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात. तिथे पाऊस मोजायचा तो हजारो मिलिमीटरमध्ये. सह्याद्री ओलांडून ढग पूर्वेकडे सरकले की हाती उरतो जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. त्यामुळे बाजरी, ज्वारी आणि हुलगा-मटकी हीच इथली जुनी पीकरचना.

ती बदलली कालव्यांनी. १९०१ ते १९०३ या काळातील सिंचन आयोगानंतर दख्खनमध्ये दुष्काळ-संरक्षक कामांना वेग आला. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून निघालेले गोदावरी कालवे कोपरगाव-राहात्याकडे आले. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यावरून प्रवरा कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरचा भाग ओला केला. बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, बेलापूरकडे मोसंबीच्या बागा आल्या.

मग हे कालवे तोट्यात कसे?

सरकारी हिशेबात सिंचनकामांचे दोन वर्ग होते. ज्यांच्या पाणीपट्टीतून भांडवलावरचे व्याज निघेल ती ‘उत्पादक’ आणि दुष्काळात सरकारवर पडणारा बोजा कमी व्हावा म्हणून बांधलेली ती ‘संरक्षक’. दख्खनचे कालवे बहुतेक दुसऱ्या वर्गात. डोंगराळ मुलूख, खर्चिक धरणे. शिवाय पाऊस बरा झाला की जिरायतदार कालव्याचे पाणी मागतच नसे. वर्षभर पाणी घेणारे आणि चांगली पट्टी भरणारे पीक एकच, ते म्हणजे ऊस. त्यामुळे दुष्काळासाठी खोदलेल्या कालव्यावर उसाला जागा देणे सरकारला भाग पडले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कल्पनेतून आलेली ‘ब्लॉक’ पद्धत ही त्यातलीच तडजोड होती. शेतकऱ्याला ठरावीक क्षेत्रासाठी काही वर्षांची पाण्याची हमी मिळे, मात्र त्यातील सुमारे एक तृतीयांश भागातच ऊस घेता येई. उरलेल्यात हंगामी पिके.

एवढे करूनही पाणीपट्टीच्या वहीत तोटाच दिसे. गाडगिळांचा आक्षेप या वहीलाच होता.

गाडगिळांनी काय केले?

१९०१ मध्ये नाशिकला जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले गाडगीळ १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. ग्रंथालयात बसून सिद्धांत मांडण्यापेक्षा तालुका पायाखाली घालण्याची शिस्त त्यांनी संस्थेला लावली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीचा त्यांचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पदाने ते अर्थशास्त्रज्ञ. पण कोणत्या जमिनीवर काय पिकते, पाणी आल्यावर ते कसे बदलते आणि त्याने माणसांचे काय होते, हे प्रश्न शेतीच्या भूगोलाचेच.

पद्धत सांगायला सोपी, करायला जिकिरीची. कालव्याखालची शेते घ्यायची आणि त्याच टापूतली कोरडवाहू शेतेही घ्यायची. दोन्हींचा जमाखर्च शेजारी शेजारी मांडायचा. जो फरक दिसेल तो कालव्याचा ‘प्रत्यक्ष’ लाभ.

खरी मौज ‘अप्रत्यक्ष’ लाभात आहे. उसाला पेंड लागते, अमोनियम सल्फेट लागते. ते बाहेरून येते. गूळ बाहेर जातो. दौंड-मनमाड मार्गावरच्या बेलापूर, कोपरगाव स्थानकांवर माल चढतो-उतरतो, रेल्वेला भाडे मिळते, व्यापाऱ्याला धंदा आणि सरकारला कर. बागायत शेताला मजूरही कितीतरी जास्त लागतात आणि ते कोरडवाहू गावांतून येतात. यातला एकही रुपया पाणीपट्टीच्या वहीत येत नाही. देशात पुढे सिंचन प्रकल्पांचा लाभ-खर्च मांडण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा ज्या सुरुवातीच्या अभ्यासांकडे बोट दाखवले गेले, त्यांत हा एक.

या तुलनेला मर्यादाही आहे. कालवा जातो तो बहुधा सपाट, काळ्या जमिनीतून. तेव्हा जास्तीच्या उत्पन्नात पाण्याचा वाटा किती आणि मुळातच चांगल्या मातीचा किती, हे पूर्ण वेगळे करता येत नाही. गुळाचा भाव एखाद्या वर्षी चढा असला तर आकडेही चढे दिसतात.

अभ्यासक कारखान्याचा अध्यक्ष कसा झाला?

बागायतदारांच्या हाती लाभ टिकत का नाही, याचे उत्तर गुळाच्या बाजारात आणि कर्जात होते. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव भाग गोळा करत फिरले. प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी १९४८ मध्ये झाली आणि १९५०-५१ मध्ये पहिला गळीत हंगाम निघाला. पहिले अध्यक्ष गाडगीळच. पाहणीचा अहवाल छापला गेला त्याच वर्षी त्यातल्या शेतकऱ्यांचा कारखाना नोंदला जावा, असा योग संशोधकाच्या वाट्याला क्वचित येतो. पुढे १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

वहीबाहेर काय राहिले?

पुष्कळच. खाजगी साखर कंपन्यांना खंडाने जमीन देणाऱ्यांची गोष्ट यातली सर्वांत लांबलेली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात कंपन्यांच्या ताब्यातील या जमिनी गेल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे आल्या. कंपन्यांचा ताबा गेला, पण मूळ मालकांकडे शेत आले नाही. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव भागातील खंडकऱ्यांच्या वारसांना जमिनी मिळू लागल्या त्या २०१२ च्या सुमारास. दोन पिढ्या मोर्चे आणि कोर्टकचेऱ्यांत गेल्या.

दुसरी गोष्ट जमिनीची. भारी काळ्या मातीत वर्षानुवर्षे उसाला पाणी पाजले आणि निचरा नसला की शेत पाणथळ होते, क्षार वर येतात, रान चोपण बनते. दख्खन कालव्यांवर हा धोका इतका लवकर दिसला की १९१६ मध्येच त्यासाठी सरकारने खास सिंचन विभाग काढला. खडकवासल्याच्या आजच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचे मूळ तेच.

आणि तिसरी गोष्ट खालच्या अंगाची. २००५ च्या कायद्यानंतर टंचाईच्या वर्षी मुळा-प्रवरेचे पाणी जायकवाडीला सोडावे लागते, तेव्हा नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. एका कालव्याचा लाभ मोजताना खोऱ्यातला दुसरा शेतकरी हिशेबात घ्यायचा की नाही, हा गाडगिळांच्या काळी न उद्भवलेला प्रश्न आता न्यायालयात जातो. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने उलट वाट धरली. तिथे पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, मग पिके ठरतात. ऊस नाही आणि शेतीसाठी बोअरही नाही.

निळवंडेबाबत आता काय करता येईल?

सव्वाआठ टीएमसीच्या धरणाचे पाणी १८२ गावांसाठी आहे. गाडगिळांच्या रीतीने त्याचा लाभ मोजायचा, तर गावनिहाय पीकपेरा, विहिरींची पातळी, मजुरीचे दिवस आणि कर्ज यांची आजची नोंद हवी. ती कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील आणि लाभक्षेत्राबाहेरील गावांतूनही हवी. शिवारात दोन-तीन हंगाम ऊस उभा राहिला की आधी काय होते हे सातबाऱ्यावरूनही नीट सांगता येत नाही. राहुरीचे कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे.